शिरूरची मिशन-शाळा : दान की देणे?

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढली, हे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. त्याच शिरूरला १८४१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तलवारीचा इतिहास आपण जपला. पाटी-पेन्सिलीचा मिशनच्या अहवालांत पडून राहिला.

ठाणे म्हणजे प्रार्थनामंदिर, पाद्रीसाहेबाचा बंगला आणि शाळा. ही रचना मुळात प्रॉटेस्टंट गावाची. स्कॉटलंडात ती सर्वांत ठळक दिसते. तिथल्या १६९६ च्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामातील जमीनदारांवर शाळेची आणि मास्तराच्या पगाराची जबाबदारी टाकली. पाळकाचे घरही त्यांच्याच खर्चाचे. कारण साधे : शास्त्र ज्याने त्याने स्वतः वाचायचे, म्हणून वाचता आलेच पाहिजे. आपल्याकडे नेमके उलटे. शास्त्र कानावरही पडू नये, म्हणून अक्षरच शिकू द्यायचे नाही! १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. सवर्ण मुले शाळा सोडतील या भीतीने मुंबई सरकारनेही हात झटकले.

म्हणून स्कॉटिश गावाला सोवळे ठरवण्याचे कारण नाही. पाळक नेमण्याचा अधिकार तिथे जमीनदाराकडे असे. त्या वादात १८४३ साली साडेचारशेहून अधिक पाळक चर्च आणि घरदार सोडून बाहेर पडले. पण त्यांच्याच नव्या फ्री चर्चने अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांकडून देणग्या घेतल्या. स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४६ साली गावोगाव सभा घेऊन 'तो पैसा परत करा' म्हणून आवाज उठवला. पैसा परत गेला नाही.

शिरूरचा पैसा बोस्टनहून येई. रेव्हरंड विन्सर यांच्या काळात तिथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाची उद्योगशाळा निघाली. घायपातापासून वाख काढण्याचा उद्योगही विन्सर यांनी चालवला. वाखाचे दोर वळणे हे मांगांचे पिढीजात काम. गावात त्याचे मोल बलुत्याच्या मूठभर धान्यात. इथे त्याच वाखाचा उद्योग झाला. मला हा फरक लहान वाटत नाही. दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या बायका-मुलींसाठी मुक्तिसदन उभारले, तिथेही चर्च, शाळा, छापखाना एकाच आवारात. फरक इतकाच की रमाबाई त्या मुलींतच राहिल्या, बंगल्यात नव्हे.

बंगला हाच अडसर होता. स्कॉटलंडात शाळा हे जमीनदाराचे कायदेशीर देणे होते. १८७२ नंतर ती लोकांनी निवडलेल्या मंडळाकडे गेली. शिरूरला ती साहेबाच्या मर्जीवर आणि समुद्रापारच्या वर्गणीवर. वर्गणी आटली तर शाळाही आटणार. महात्मा फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतच शिकले, पण १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी दया मागितली नाही. सारा रयत भरते आणि शिक्षण वरचे वर्ग घेतात, असा हिशेब मांडून त्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली.

मिशनच्या शाळेने अक्षर दिले. जात मात्र मंडळीतही बाकावर येऊन बसली. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचे हक्क हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली शीख त्यात आले, १९९० साली बौद्ध. त्या शाळांत शिकलेल्या महारामांगांचे ख्रिस्ती नातू-पणतू अजून यादीबाहेरच आहेत.