औषध बदललं, की नुसती बाटली?

शारजाच्या रोल्ला भागात मटण घेताना ‘औषधाला न जुमानणारे जंत’ ऐकून कुणी बिचकत असेल, तर ती भीती आधी काढून टाकू. हिमोन्कस हा जंत मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो, मांसात नाही. नीट शिजवलेल्या मटणातून तो माणसाला होत नाही. पण या जंताचा फटका बसतो तो मेंढपाळाला.

औषध चालेनासं झालं, की ‘मेंढीला औषधाची सवय झाली,’ असं लोक म्हणतात. त्यात मेंढीचा काही संबंध नाही. हिमोन्कसची एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी लेंडीवाटे टाकते. एवढ्या पिलावळीत औषधाला पुरून उरणारे काही जन्मतःच असतात. बाकीचे मेले की पुढची वीण यांचीच. थायाबेंडाझोल हे जंतांवरचं औषध १९६१ मध्ये आलं आणि १९६४ मध्येच अमेरिकेत त्याला दाद न देणारा हिमोन्कस नोंदला गेला. भारतात अशी नोंद १९७६ ची.

सगळ्यात महागात पडतो तो ब्रँडचा घोळ. अल्बेंडाझोल चालेना म्हणून फेनबेंडाझोल आणलं, तर नाव आणि भाव बदलला, गट तोच राहिला: बेंझिमिडाझोल. एकाला पचवणारा जंत दुसऱ्यालाही पचवतो. गट बदलायचा तर लेव्हामिसोल किंवा आयव्हरमेक्टिन, तेही जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आणि लेंडी तपासून. औषधाआधी आणि नंतर १०-१४ दिवसांनी अंडी मोजतात. ती ९५ टक्क्यांहून कमी घटली, की संशय घ्यायचा. डोसही वजनावर ठरतो. अंदाजपंचे पाजला, की थोराड मेंढीला हमखास कमी पडतो.

‘हगवण नाही, म्हणजे जंत नाहीत’ हेही खोटं. हिमोन्कस रक्त पितो. खालची पापणी ओढून बघा: आत लालसर असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर रक्त चाललंय. पुढे जबड्याखाली पाणी साठतं. दक्षिण आफ्रिकेत पापणीच्या पाच रंगछटांचा ‘फामाचा’ तक्ता याचसाठी निघाला. पापणी फिकट असेल तिलाच औषध द्यायचं. बाकीच्यांच्या पोटात औषधाने मरणारे जंत शिल्लक राहतात, त्यांचीही अंडी कुरणात पडतात आणि चिवट जंतांचं प्रमाण आटोक्यात राहतं. सगळा कळप एका दिवसात पाजून मोकळं होणाऱ्याला हे पटवणं अवघडच.

औषधाखेरीज मेंढीच्या जातीचाही मार्ग आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीचा सुंदरबनच्या गरोल मेंढीशी संकर केला. ओढ होती गरोलच्या जुळ्या-तिळ्यांची. पण गरोल रक्ताच्या कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडीही कमी निघाली.