डंखाची भीती आणि मधपेटी

शेतात मधपेटी ठेवावी असे पुष्कळांच्या मनात असते, पण “फादर, माश्या चावल्या तर?” या प्रश्नापाशी बेत अडतो. प्रश्न रास्त आहे. आम्ही पहिल्यांदा पेटीचे झाकण उचलले तेव्हा आमचेही हात कापत होते. घाईत चौकट आपटली आणि डंख बसला. भीतीने घाई होते आणि घाईने डंख बसतो, हे त्या दिवशी समजले.

खानापूरकडच्या रानालगतच्या गावांत मधमाशी म्हटली की आग्या मोहोळ डोळ्यांपुढे येते. परंतु आग्या माशी पेटीत राहत नाही. ती उंच झाडावर किंवा कड्याला उघडे पोळे बांधते. पेटीत पाळतात ती ढोलीत राहणारी सातेरी. ती अंगाने लहान व स्वभावाने बरीच सौम्य असते. डंख मारताना बहुधा तिची नांगी कातडीत अडकून तुटते व ती मरते. म्हणून घरावर संकट आले असे वाटल्याशिवाय ती सहसा चावत नाही.

नवशिक्याने आधी काही दिवस लांबून पेटीचे दार नुसते पाहावे. पुढे जाणत्या माणसाबरोबरच पेटी उघडावी. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या कामाचे शिक्षण देते. पेटी उघडण्यास निवांत, उन्हाचा दिवस निवडावा. कपडे फिकट रंगाचे, सुती असावेत. तोंडावर जाळी घ्यावी, अंगठी काढून ठेवावी, अत्तर व वासाचे तेल टाळावे. दारासमोर उभे न राहता बाजूला उभे राहावे. धुराड्याचा थोडा धूर द्यावा. त्याने माश्यांचा इशाऱ्याचा वास झाकला जातो व त्या मध पिण्यात गुंततात. मग चौकट सावकाश उचलावी, एकही माशी चिरडू देऊ नये.

डंख बसलाच तर चुना शोधत बसू नये. तुटलेल्या नांगीबरोबरची विषाची पिशवी थोडा वेळ विष सोडतच राहते. म्हणून नांगी तत्काळ नखाने खरवडून काढावी. जागा साबणाने धुऊन गार पाण्याची घडी ठेवावी. एक-दोन दिवस सूज व खाज राहणे नेहमीचेच आहे.

मात्र एक भीती कधीही सोडू नये. डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली, तर ते जिवावरचे लक्षण आहे. रोग्याला चालवू नये. आडवे निजवावे, दम लागत असेल तर टेकून बसवावे, आणि वाहनाने लगेच इस्पितळात न्यावे. तेथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर जीव वाचतो. तोंडात किंवा घशात डंख बसला, अथवा एकाच वेळी पुष्कळ डंख बसले, तरीही इस्पितळच गाठावे. ज्याला एकदा असा त्रास झाला, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून पेटीला हात लावू नये.

बाकीच्यांनी हात सावकाश चालवावा. हात स्थिर झाला की मनही स्थिर होते.