खारपाणपट्ट्यातील गोड्या पाण्याची निशाणी

अकोल्याहून अकोटकडे निघालो की गांधीग्रामला पूर्णा नदी लागते. तिच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा पसरला आहे. इथे विहिरीला पाणी लागते, पण तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही. मूत्रपिंडाचे आजार घरोघरी. आमच्या खालाचे सासर दर्यापूर तालुक्यातले. नळ यायच्या आधी पाऊस सुरू झाला की त्या टिनाच्या पन्हाळीखाली पातेली मांडत. आता नळाला शहानूर धरणाचे, म्हणजे सातपुड्याचेच पाणी येते.

त्यांना घेऊन आम्ही नरनाळा किल्ल्यावर गेलो. इथला महाकाळी दरवाजा फत्हुल्ला इमाद-उल-मुल्कने १४८७ साली बांधला. तीनच वर्षांनी त्याने वऱ्हाडात इमादशाही स्थापन केली. दरवाज्यावरची कोरीव अक्षरे पाहायला सगळे थांबतात, थांबावेच. पण आम्हांला मोठी वाटली ती वरच्या पठारावरची पाण्याची सोय. एवढ्या उंचीवर नदी कुठली? उतारावरून धावणारे पावसाचे पाणी चरांनी वळवून तळ्यांत साठवलेले. तोफा आणि बुरूज असूनही किल्ला तगला तो या साठ्यावर. त्यातल्या मोठ्या तळ्याचे नाव शक्कर तलाव.

खाला काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "बेटा, हे नाव ठेवणारा नक्की आमच्याकडचे पाणी पिऊन आला असेल!"

दुसऱ्या दिवशी अचलपूर. इमादशाहीची ही राजधानी १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेली. गावाबाहेर हौज कटोरा आहे: गोल हौजाच्या मधोमध कमानींचा अष्टकोनी मनोरा. चहूकडे पाणी आणि कमानींतून वारा, वऱ्हाडच्या उन्हाळ्यात यापेक्षा मोठी चैन ती कोणती! मनोऱ्याचे फोटो सगळेच काढतात. त्याला अर्थ देणाऱ्या हौजाकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. तळाशी गवत माजलेले, कडेला प्लास्टिकच्या पिशव्या. शाळेच्या सहलीतल्या एका मुलाने आम्हांला विचारले, "हे शेतात का बांधलं?" ते शेत नव्हे, हौज आहे, हे त्याला सांगायला तिथे साधी पाटीही दिसली नाही.

असरची वेळ झाली होती. खालांनी कोरड्या हौजाच्या काठावर बसून पिशवीतली बाटली काढली. अर्धीच भरलेली. तेवढ्यात त्यांचा वुजू झाला आणि उरलेले घोटभर पाणी त्यांनी त्या मुलाला प्यायला दिले.