पद्मिनीचे पासिंग

सरकारी दप्तरात मोटारीचे वय नोंदणीच्या तारखेपासून मोजले जाते, ती कारखान्यातून कधी बाहेर पडली याची तेथे फारशी मातब्बरी नसते; आणि म्हणूनच कुर्ल्यात पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभीच थांबलेले असूनही, २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात रुजू झालेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईत थेट २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत भाडे घेत राहिली. टॅक्सीला २० वर्षांची मुदत. ती भरली, आणि ३० ऑक्टोबरपासून प्रीमियर पद्मिनी ही टॅक्सी म्हणून मुंबईतून कायमची बाद झाली. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले, छायाचित्रे छापली, चित्रपटांतील प्रसंग आठवले; परंतु या वाहनाला रस्त्यावरून उतरविणारा हुकूम तपासणीच्या निकालातून आलेला नसून केवळ तारखेतून आला होता, याची चर्चा फारशी झाली नाही. गाडीचे वय आणि गाडीची अवस्था या दोन निराळ्या बाबी आहेत, आणि पद्मिनीच्या बाबतीत त्यांची फारकत जितकी ठळक दिसते तितकी अन्य कोणत्याही देशी मोटारीच्या बाबतीत दिसत नसावी, असे मला वाटते.

टॅक्सी गेली, तरी खाजगी पद्मिनी गेलेली नाही. नव्वदीच्या दशकात, रेल्वे खाडी ओलांडून १९९३ मध्ये नवी मुंबईतील नेरूळपर्यंत पोचली त्या सुमारास, मुंबईतील दोन खोल्या विकून सिडकोच्या वसाहतींत राहावयास आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांपैकी ज्यांच्याजवळ मोटार होती त्यांच्यातील कित्येकांजवळ ती फियाटच होती. नाव बदलून प्रीमियर झाले तरी पुष्कळ घरांत ती अखेरपर्यंत फियाट म्हणूनच ओळखली गेली. अशी एखादी गाडी आजही नेरूळच्या एखाद्या सेक्टरात इमारतीखालच्या खांबांआड, मेणकापडी आच्छादनाखाली उभी दिसते. रविवारी सकाळी आच्छादन निघते, चोक ओढला जातो आणि पाम बीच मार्गावर एक फेरी होते.

या मोटारीचे कूळ मोठे आहे. सोलापूरच्या भूमीत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकी गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे फियाटशी करार होऊन १९५४ पासून तेथे इलेव्हन हंड्रेड घडू लागली. इटलीत ती १९५३ मध्येच अवतरली होती. १९६४ च्या सुमारास तिची ११००-डी ही आवृत्ती आली, आणि इटलीत तिची निर्मिती दोनेक वर्षांत संपुष्टात आली असताना आपल्याकडे मात्र तोच साचा, तेच इंजिन आणि जवळजवळ तोच पत्रा पुढे साडेतीन दशके टिकून राहिला. फियाटचा परवाना संपल्यावर ती काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी.

परवाना-राज्याच्या त्या काळात मोटार बाजारात जाऊन विकत घेण्याची वस्तू नव्हती. अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि हाती आलेल्या गाडीचे दार नीट लागत नसले तरी तक्रार करावयास जाणाऱ्याच्या मागे वाट पाहणाऱ्यांची रांग उभीच असे. साठीच्या दशकात देशी मोटारींच्या दर्जाविषयी इतकी ओरड झाली की केंद्र सरकारला चौकशीसाठी पांडे समिती नेमावी लागली. किमतीचा वाद निराळाच होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सरकारने ठरविलेल्या मोटारींच्या किमतींवर तेथे मोठा खल झाला. ज्या गाडीच्या दर्जाविषयी चौकशी समिती बसली, तीच गाडी पुढे विश्वासू म्हणून नावाजली गेली, हा विरोधाभास वरकरणी चमत्कारिक वाटतो; पण तिच्या पोटात डोकावले म्हणजे त्याचा उलगडा होतो.

पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. ६८ मिलिमीटरचा बोअर आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर अॅल्युमिनियमचे हेड, आणि ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खांबावर, पुढे कॉइल स्प्रिंगा, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. यांत गूढ असे काहीच नाही. बॉनेट उघडले की प्रत्येक अवयव डोळ्यांना दिसतो, आणि बहुतेक अवयवांपर्यंत हातही पोचतो. पॉइंट जळाले तर पॉलिश पेपरने घासून पत्त्याच्या जाडीइतके अंतर ठेवावे. एप्रिलच्या उन्हात घाट चढताना पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली तर पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे सावलीत बसावे. बॅटरी उतरली तर हँडल मारावे. पद्मिनी बंद पडत नसे असे म्हणणारा मनुष्य स्मरणरंजनाच्या भरात बोलतो. ती बंद पडे, वारंवार पडे. मात्र ज्या ठिकाणी बंद पडे त्याच ठिकाणाहून ती पुन्हा चालू लागे, आणि तिचा दुरुस्तीकार हाकेच्या अंतरावर असे. जपानी मोटारीची विश्वासार्हता बिघाड न होण्यात आहे. पद्मिनीची, बिघाड आपल्या आवाक्यात राहण्यात होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि लोकांना पहिल्या प्रकारची चव लागली, तेव्हा दुसऱ्या प्रकारची कदर हळूहळू ओसरली, हे स्वाभाविकच झाले.

आता परीक्षेकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, आणि त्याच्या तरतुदींनुसार परिवहन वाहनाला, म्हणजे टॅक्सी, ट्रक, बस यांना, योग्यता प्रमाणपत्रावाचून रस्त्यावर येण्याची मुभा नाही. जुन्या टॅक्सीला हे प्रमाणपत्र दर साल नव्याने घ्यावे लागे. खाजगी मोटारीची कथा वेगळी. तिची नोंदणी १५ वर्षांसाठी ग्राह्य, आणि त्या अवधीत निरीक्षकाचा हात तिला सहसा लागत नाही. पंधरा वर्षे भरल्यावर ती प्रथम तपासणीला हजर करावयाची, नंतर दर ५ वर्षांनी. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन पद्मिनींपैकी जिच्या छताला पिवळा रंग लागला ती पंधरा वर्षांत डझनभर वेळा तपासली गेली आणि जिला मालकाने घरी नेले ती एकदाही नाही, अशी ही व्यवस्था आहे. सर्वसामान्य मालकाच्या तोंडी या साऱ्याला एकच शब्द आहे, पासिंग.

निरीक्षक काय पाहतो? प्रथम चेसिस क्रमांक. त्यावर कागद धरून पेन्सिलीने घासून उमटविलेला ठसा अर्जाला जोडलेला असतो, तो दप्तराशी जुळला पाहिजे. मग दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, टायरच्या नक्षीची खोली, जी मोटारीला किमान १.६ मिलिमीटर हवी. ब्रेक, हातब्रेक, स्टेअरिंगचा प्ले. पद्मिनी अडखळते ती ब्रेक आणि स्टेअरिंग या दोन बाबींत. ड्रमचे शू सारखे लावलेले नसले तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते, आणि किंगपिनचे बुश झिजले असले तर चाक जॅकवर उचलून वरखाली हलविताच ते हातात खुळखुळते. दोन्ही दोष चार दिवसांत दुरुस्त होणारे, त्यामुळे ‘पुन्हा हजर करावे’ असा शेरा मारून पाठविलेली पद्मिनी पुढच्या खेपेस बहुधा निर्विघ्न सुटते.

खरा शत्रू मात्र निरीक्षकाच्या नजरेला सहजी पडत नाही, आणि नेरूळमध्ये तो मुंबईपेक्षाही अधिक बळावतो. खाडीची दलदल, कांदळवन, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि वर्षभर खारा वारा. अशा हवेत पत्र्याला गंज चढणे अपरिहार्य. ट्रकाखाली वेगळी लोखंडी चौकट असते, तशी पद्मिनीला नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे, आणि म्हणून तिच्या उंबऱ्याला, म्हणजे दाराखालच्या पट्टीला, लागलेला गंज ही शोभेची बाब राहत नाही. शिरवण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे असलेल्या एका लहानशा गॅरेजात अशी एक गाडी पासिंगपूर्वी तयार होत असताना मी पाहिली. रंग नवा, चकचकीत, क्रोमची पट्टी लखलखीत. मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीने पुढच्या चाकामागून उंबरा ठोकत ठोकत मागे सरकू लागला. टण, टण, टण. चालकाच्या दाराखाली आवाज एकदम बसका झाला. त्याने पाते फिरवून टोचले, तर तळहाताएवढा लांबीचा पोपडा जमिनीवर पडला, आणि आत पत्र्याच्या जागी तांबूस भुसा होता. पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने बुजलेली होती. पावसाळ्यांमागून पावसाळे आत तुंबून राहिले होते.

“काका, इंजिनाचं काय हो, ते कधीही उतरवता येतं,” मिस्त्री म्हणाला. “पत्रा आहे तोवर गाडी आहे.”

मालकाने विचारले, यावर लांबी भरून रंग मारला तर पासिंग होईल का? मिस्त्री जरा हसला आणि म्हणाला, “होईल ना. पासिंग होईल.” मग त्याने कापायचा कटर हाती घेतला. नवा पत्रा वाकवून, जोडून, आतून रंग देऊन ते काम पुरे व्हावयास पुष्कळ दिवस लागले, आणि परिवहन कार्यालयाच्या कोणत्याही कागदावर त्या कामाची नोंद नाही. प्रमाणपत्रावर ते उमटण्यासाठी रकानाच नाही.

धुराची परीक्षा त्यामानाने प्रामाणिक, कारण ती यंत्र घेते. अशा जुन्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत १५०० पर्यंत माफ आहे, आणि पीयूसीचा दाखला ६ महिन्यांपुरता मिळतो. तरी येथेही हुशारी चालते: केंद्रावर जाण्यापूर्वी कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू किंचित आत फिरवावा, दाखला हाती पडला की परत बाहेर, मधल्या काळात गाडी थोडी गुरगुरते, एवढेच. सध्या पद्मिनीच्या मालकांची खरी चिंता पेट्रोलात मिसळलेल्या २० टक्के इथेनॉलची आहे. पंपाचा पडदा, रबरी नळ्या, कार्बोरेटरातली वॉशरे ही साठ वर्षांपूर्वीच्या पेट्रोलासाठी योजलेली. ती फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनावर ठिबकणारी नळी हा पॉइंट घासून सुटण्यासारखा प्रश्न नव्हे. जाणता मालक आता दर पावसाळ्याआधी नळ्या बदलून घेतो.

ब्रिटनमध्ये सक्तीची वार्षिक तपासणी १९६० मध्ये दहा वर्षांवरील गाड्यांपासून सुरू झाली आणि आता ती तिसऱ्या वर्षापासून लागू आहे. परंतु २०१८ पासून तेथे ४० वर्षांवरील, मूळ स्वरूपातील मोटारीला या परीक्षेतून सूट आहे, या समजुतीने की इतकी वर्षे जी जपली गेली तिचा मालक तिची काळजी घेतोच. जर्मनीत दर दोन वर्षांच्या तपासणीतील दोषांचे प्रमाण गाडीच्या नमुन्यागणिक दरवर्षी छापले जाते, आणि जुनी गाडी घेणारा गिऱ्हाईक ते वाचून सौदा करतो. आपल्याकडे अशी कोष्टके छापण्याची रीत पडलेली नाही. ताडदेव, वडाळा, अंधेरी येथील निरीक्षकांनी दशकानुदशके हजारो पद्मिनी टॅक्सींचे ब्रेक, चाके, दिवे दर साल तपासले. भारतीय रस्त्यावर एका मोटारीचे काय काय आणि कोणत्या वयात झिजते याचा तो जगातील उत्तम दस्तऐवज झाला असता. माझ्या मते पद्मिनीच्या जाण्यातील खरे नुकसान हेच.

उलट आपल्याकडील धोरण वयावर अधिकाधिक विसंबू लागले आहे. २०२१ च्या भंगार धोरणानंतर १ एप्रिल २०२२ पासून खाजगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाडीसाठी ते १०,००० करण्यात आले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर निराळा. पत्रा खणखणीत असो वा भुसा झालेला असो, रक्कम तीच.

एक पळवाट कागदावर आहे. २०२१ च्या जुलैपासून ५० वर्षांवरील मूळ स्वरूपातील वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते: २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी या वयात आलेल्या आहेत. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरावयास किंवा दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापरास ती मना आहे. नेरूळच्या ज्या गृहस्थाला तिच्यातून जुईनगरला मुलीकडे जावयाचे आहे, त्याने व्हिंटेजचा अर्ज आणून पाहिला, अटी वाचल्या, आणि पाच वर्षांच्या साध्या नूतनीकरणाचे पैसे भरून एमएच-४३ च्या कार्यालयात पासिंगची तारीख घेतली.