करंजीची चिनी बहीण : शेजाऱ्याला फराळ देताना काय सांगावे, काय विचारावे?

दिवाळीच्या आठ दिवस आधी हदगावच्या कोणत्याही गल्लीतून फिरा, तळणाचा वास येतोच. नांदेड जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी फराळाची ताटे शेजारी जातात आणि ईदला शेजारून शिरखुर्मा येतो. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा साधा नियम.

आता या गावातली मुले शिकायला, नोकरीला सिंगापूर, मलेशियापर्यंत जातात. तिथे शेजारी चिनी कुटुंब असेल, तर त्यांच्या नववर्षाला ताटातून चक्क करंजीसारखा पदार्थ येऊ शकतो!

हा पदार्थ कोणता?

दक्षिण चीनमधले कँटोनीज लोक त्याला 'याउ गोक' म्हणतात. आकार अर्धचंद्राचा, कडेला हाताने घातलेली मुरड आणि तेलात तळलेला. आपल्या करंजीत सुके खोबरे, खसखस, वेलची असते. याउ गोकमध्ये भाजलेले शेंगदाणे, तीळ, साखर आणि कधी खोबऱ्याचा कीसही. त्याचा आकार जुन्या चिनी सोन्याच्या लगडीसारखा दिसतो, म्हणून तो समृद्धीचे प्रतीक मानतात. आपले लक्ष्मीपूजन अमावास्येला असते आणि चिनी नववर्षही अमावास्येच्याच सुमारास, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीदरम्यान सुरू होते.

मग करंजी चीनमधून आली का?

नुसत्या साम्यावरून असे म्हणता येत नाही. पारी लाटून, सारण भरून, कडा बंद करून तळणे ही युक्ती अनेक ठिकाणी स्वतंत्रपणेही सुचू शकते. त्यामुळे 'करंजी मूळची अमुक देशाची' असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी थांबा.

पदार्थ एका समाजातून दुसऱ्या समाजात जातो, याचे पक्के उदाहरण गोव्यात आहे. चवथीला हिंदू घरांत होणारी नेवरी नाताळला ख्रिस्ती घरांतही होते आणि शेजाऱ्यांना पाठवायच्या ताटात जाते.

अडचण कुठे येते?

मोहनात. याउ गोकच्या पिठात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात. आता बरेच जण तेल किंवा लोणी वापरतात. शाकाहारी किंवा मुस्लीम माणसाला हे आधी कळायला हवे. आपल्या करंजीतही तूप, खवा, काजू असतात. दुधाचे न खाणाऱ्याला किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी असणाऱ्याला ते चालत नाहीत.

मग काय करावे?

- डबा देताना आत काय आहे ते सांगा, जमल्यास चिठ्ठी लावा.
- घेताना "यात काय घातलंय?" असे मोकळेपणाने विचारा. यात अपमान नाही.
- चालत नसेल तर तसे सांगा, पण शुभेच्छा नाकारू नका.
- आणि डबा? तो रिकामा परत करू नका. चिनी घरांतही भेटीला परतभेट देण्याची रीत आहे.

विचारून खाल्लेला घास दोघांनाही गोड लागतो. न सांगता दिलेल्या एका घासाने मात्र वर्षानुवर्षांचा शेजार दुरावू शकतो.