डोंगरातले पूल : पुलाखालचा पूल

सैतानाचा पूल पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. त्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या शॉलेनेनच्या घळीत उतरायचं कबूल केलं होतं, पण मधेच साताऱ्याच्या एका वाचक बाईंचा प्रश्न आला आणि चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं काही जमेना. त्यांचं म्हणणं असं, की स्विस रेल्वेच्या लांडवासर पुलाचे खांब परांचीशिवाय चढवले हे समजलं; पण कमान शेवटचा दगड बसेपर्यंत स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, मग तोवर ती टेकते कशावर? 'आमच्या घराच्या स्लॅबला दहा फुटांवर सेंट्रिंग ठोकलं होतं. तिथे तर खाली दरी!'

बिनतोड प्रश्न आहे. उत्तर मात्र त्यांनीच देऊन टाकलंय: सेंट्रिंगवर.

लांडवासरला ते सोपं होतं. तिथली प्रत्येक कमान अवघी 20 मीटरची, त्यामुळे दोन खांबांच्या मधे बसेल एवढी लाकडी चौकट पुरते. पण त्याच दरीत, फिलिसूरहून दाव्होसकडे निघालं की वीझेनचा पूल लागतो. 1909 मध्ये पुरा झालेला. त्याची मधली कमान 55 मीटरची आणि नदी 88 मीटर खाली. इथे कमानीला दगड लावण्याआधी लाकडाचा एक अख्खा पूल बांधावा लागला. तो बांधणारा माणूस रिशार्ड कोराय.

कोराय 1869 साली याच ग्राउब्युंडेन प्रांतातल्या ट्रिन गावात जन्मला. त्याचं आयुष्य गेलं ते पाडण्यासाठी बांधण्यात. वीझेनचं लाकूडकाम त्याचं. सांक्ट गालनजवळ झिटर नदीवर 1910 मध्ये रेल्वेपुलाचा 120 मीटरचा लोखंडी गाळा जोडायचा होता, त्यासाठी जवळजवळ शंभर मीटर उंच लाकडी मनोरा उभा केला तोही यानेच. चूर ते आरोझा मार्गावरचा लांगवीसचा पूल (1914) त्याच्याच सेंट्रिंगवर ओतला गेला. तिथे आसपास चांगला दगड नव्हता, नदीत वाळू-खडी मात्र हवी तेवढी. म्हणून 100 मीटरची कमान थेट प्रबलित काँक्रीटची. मार्गदर्शक पुस्तकांत इंजिनियरांची नावं ठळक छापलेली असतात आणि कोराय सापडलाच तर तळटिपेत. मला हा सरळ अन्याय वाटतो.

कारण हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. लाकूड रेषांच्या दिशेने दाबलं तर भरपूर भार घेतं, आडवं दाबलं की चेपतं. शेकडो सांध्यांत थोडं थोडं चेपलं, की वर कमानीचा आकार बिघडलाच. म्हणून चौकट मुळातच थोडी चढी बांधायची, पुढची बसण हिशेबात धरून. दगड दोन्ही टोकांकडून लावत आणलात, तर बाजू दबतात आणि माथा वर उचलला जातो; तो जागेवर राहावा म्हणून माथ्यावर आधीच वजन ठेवायचं. त्यात डोंगरातला वारा एका बाजूने ढकलत असतो आणि खाली ओढ्याला कधी पूर येईल याचा नेम नाही.

खरी परीक्षा तर काढताना. कमान सांधली म्हणून टेकू भराभर ओढता येत नाहीत. पाचरी अगदी बेताने सैल करायच्या, किंवा टेकूंच्या बुडाशी कोरड्या वाळूने भरलेली लोखंडी नळकांडी ठेवायची आणि बूच काढून वाळू हळूहळू सोडायची. वाळू ओघळते तशी चौकट केसाकेसाने खाली येते आणि भार कमानीकडे जातो. कमान किंचित बसते. किती बसली, हे त्या क्षणी सगळे डोळ्यांत तेल घालून मोजत असतात.

आता साल्गीनाटोबेल. शीर्स गावाच्या वर, शूडर्स या चिमुकल्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा पूल रोबेर मायारने रचला आणि 1930 मध्ये खुला झाला. कमान 90 मीटरची. 1991 मध्ये अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने त्याला आंतरराष्ट्रीय वारशाचा मान दिला. मायारची युक्ती मला फार आवडते. आधी फक्त कमानीची पातळ खालची पाटी ओतायची. ती घट्ट झाली की तीच टेकू बनते आणि वरच्या भिंतींचा, रस्त्याचा बोजा बराचसा तीच पेलते. म्हणजे लाकडाला पेलायचा तो पहिला थर, पूर्ण पूल नव्हे. म्हणून सेंट्रिंग हलकं आणि पर्यायाने स्वस्त. ते उभारलं साठीला टेकलेल्या कोरायने: दोन्ही उतारांवरच्या मोजक्या पायांतून पंख्यासारखं फुलत गेलेलं, काटक्यांचं वाटावं इतकं सडपातळ. त्याचे फोटो मिळवून जरूर बघा. पूल देखणा आहेच. पण खरं सांगू, मला फोटोतलं लाकूड जास्त देखणं वाटतं.

जायचं असेल तर लांडक्वार्टहून दाव्होसच्या गाडीने शीर्सला उतरा. तिथून शूडर्सची पिवळी पोस्टबस थेट या पुलावरून जाते, पण बसमधून हाती काही लागत नाही. कमान रस्त्याच्या खाली आहे. पायवाटेने उतरून खालच्या बाजूने बघायला हवी. वीझेनला याच्या उलट: स्टेशन पुलाच्या टोकालाच, आणि रुळांना लागून चालण्यासाठी पदपथ आहे. पलीकडे जाऊन जंगलातून फिलिसूरपर्यंत चालत जाता येतं. मधल्या कमानीवर थांबलात तर कठड्यावरून खाली, नदीच्या दोन्ही काठांकडे बघा आणि स्वतःला विचारा, की इथे पहिला वासा तुम्ही कुठे रोवला असता. मी दर वेळी वेगळी जागा निवडतो.

साताऱ्याच्या बाईंनी पत्राच्या शेवटी आणखी एक विचारलंय: दंतकथेत तो पूल बांधायला सैतानाची मदत घेतली, तर त्याला सेंट्रिंग लागलं होतं का? त्याचं उत्तर पुढच्या बुधवारी, घळीत उतरूनच.