पाळी लवकर थांबते तेव्हा

गळीत हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात तोडणीच्या टोळ्या उतरतात. त्यांत बीडच्या बायका बऱ्याच. २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. हा आकडा वाचून मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

पिशवी काढली की पाळी थांबते. पण सोबत दोन्ही बीजकोशही काढले, तर शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम घटतं. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं जाग येते, योनी कोरडी पडते. हाडांची झीज मात्र दिसत नाही, आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईला ती फार महागात पडते. चाळिशीच्या आत बीजकोश गेलेल्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असं वैद्यकशास्त्र सांगतं. ते गोळी, जेल किंवा पट्टीतून मिळतं.

पिशवी जागेवर असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच. नाहीतर पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

२००२ च्या एका अमेरिकी अभ्यासानं या हॉर्मोन उपचाराची धास्ती बसली. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केल्यास बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्यांना मात्र हा उपचार सहसा देत नाहीत.